पेटी नाही, डीजे नाही: महाराजांच्या काळातल्या वाद्यांवर आमची शिवजयंती

नोव्हेंबर २०२३. दिवाळीनंतरची मंडळाची पहिली बैठक मारुतीच्या देवळात बसली होती. पुढच्या शिवजयंतीला डीजे ठरवायचा होता आणि एका रात्रीचे ६५ हजार असा भाव आला होता. गेल्या वेळी त्या भिंतीएवढ्या पेट्यांनी आमच्या गल्लीतल्या दोन खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "महाराजांनी ऐकलं असतं असं काहीतरी वाजवूया की एकदा." क्षणभर सगळे गप्प. मग अध्यक्ष म्हणाले, "बरं, तूच कर मग."

झालं ते एवढंच. पुढचे सहा महिने त्या एका वाक्यापायी गेले. यंदा आणखी दोन-तीन गावांतून "तुम्ही कसं केलासा?" म्हणून फोन आले, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये पहिल्या पाळीला लेथवर असतो. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. गाव बेळगावच्या दक्षिणेला, देवळाच्या पायरीवरून राजहंसगड दिसतो. आमच्याकडची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची. महाराष्ट्रात सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला होते, पण बेळगावनं वैशाख सोडला नाही. जन्मतारखेचा वाद इतिहासवाल्यांनी बघावा, आम्हाला वैशाखातली रात्र सवयीची.

नियम मी एकच केला: महाराजांच्या कानावर पडलं नसतं असं वाद्य घ्यायचं नाही. पहिला बळी पेटीचा गेला. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये घेतलं गेलं १८४२ साली, महाराज गेले १६८० मध्ये. हे सांगितल्यावर आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कीबोर्ड गेला, क्लॅरिनेट गेलं. उरले डफ, तुणतुणं, संबळ, झांज, टाळ, शिंग आणि माणसाचा गळा. यादी वाचून एक पोरगा म्हणाला, "म्हणजे काहीच नाही की." त्याक्षणी मलाही तसंच वाटलं होतं.

डिसेंबरात शेजारच्या गावातल्या गोंधळीमामांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढचं. लग्नानंतरचे गोंधळ हल्ली कमी झालेत, संबळ माळ्यावर होता. मी म्हटलं, "मामा, नवीन घ्यायचाय, कुठला घेऊ?" ते म्हणाले, "घेऊन ये, मग सांगतो." कोल्हापुरातून साडेसात हजाराची चकचकीत जोडी आणली. मामांनी मोठ्यावर एक टिपरी मारली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "ह्येला आवाज न्हाई, नुसती पालिश हाय." कातडं जाड होतं. ते भिजवून, खरवडून, पुन्हा ताणून बसवण्यात त्यांचे चार दिवस गेले. तेव्हा घ्यायच्या आधी वाजवणारा माणूस बरोबर न्या. मी मोटारसायकलवर एकटाच गेलो होतो. डफ मात्र दोन घेतले, अठराशेला एक, ते चांगले निघाले. तुणतुणं मामांचंच, फक्त तार आणि खुंटी बदलली, अडीचशे रुपये.

तुणतुण्याबद्दल दोन शब्द जास्तीचे लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकलो ते तिथं. एक तार, एक सूर, त्यात शिकायचं काय, असं वाटतं. आमच्या पोरानं पहिल्या दिवशी तार मोबाईलवरच्या ट्यूनरला लावली. मामा हसले. त्यांनी शाहिराला, म्हणजे आमच्या गवंडीकाम करणाऱ्या तुकारामला, उभं केलं आणि म्हणाले, "रानात लांबच्या माणसाला हाक मारतोस तशी मार." तुकारामनं हाक मारली. त्या हाकेच्या सुराला मामांनी खुंटी पिळत तार आणून ठेवली. "आता ह्यो रातभर गाईल, घसा बसायचा न्हाई." सहा महिन्यांत त्याचा घसा एकदाही बसला नाही.

कथा पाच तुकड्यांत बांधली. पहिली जिजाऊंची, जात्यावरच्या ओव्यांतून. त्यासाठी गावातल्या दोघी आज्ज्या आणि खरोखरचं जातं. दुसरा प्रतापगड, नोव्हेंबर १६५९. तो पोवाडा अगिनदासाचा, महाराजांच्या हयातीतला, आज मिळणाऱ्या पोवाड्यांतला सगळ्यात जुना मानला जातो. तिसरा तुळशीदासाचा सिंहगडाचा, तानाजी मालुसऱ्यांचा. चौथा १६७४ च्या राज्याभिषेकाचा, तो गोंधळाच्या अंगानं, कारण भोसल्यांची कुलदेवता तुळजाभवानी आणि गोंधळ तिचाच. पाचव्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढं सांगतो.

जुने पोवाडे शोधायला फार कष्ट पडले नाहीत. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला होता, तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. कष्ट पडले ते तोंडात बसवायला. साडेतीनशे वर्षांपूर्वीची मराठी. अगिनदासाचा पोवाडा वाचताना पोरं प्रत्येक ओळीला अडखळायची. सगळा घेतला असता तर पहाट झाली असती, म्हणून मोजके चौक, म्हणजे पोवाड्याची कडवी, निवडले. ज्या शब्दाचा अर्थ कुणालाच लागेना तो तसाच ठेवला. मामांचं म्हणणं, "समजलं न्हाई तर समजलं न्हाई, ठेका तर समजतोय." त्या पोवाड्याबद्दल अगिनदासाला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला असं सांगतात. आमच्या तुकारामला नारळ आणि टॉवेल.

पाचवा तुकडा बेलवाडीचा. बेलवाडी आमच्याच जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात. दक्षिण दिग्विजयाहून परतताना, १६७८ च्या सुरुवातीला, मराठी फौजेचा तिथल्या देसायांशी रसदेच्या बैलांवरून खटका उडाला. देसाई पडले, आणि त्यांची बायको गढी धरून लढली. कन्नडमध्ये ती बेलवडी मल्लम्मा, मराठी बखरीत सावित्री देसाईण. २७ दिवस झुंजली असं सगळीकडं सांगतात. राजापूरच्या इंग्रजांनीसुद्धा त्या वर्षी फेब्रुवारीत पत्रात लिहिलं की एका बाईनं महाराजांच्या फौजेला अडवून धरलंय. पुढं तिच्याशी वाईट वागलेल्या सरदाराला महाराजांनी कडक शिक्षा केली आणि तिचा मान राखला, अशी परंपरा आहे.

बैठकीत हे मांडलं आणि रणकंदन. "आपल्या जयंतीला आपल्याच राजाची अडवणूक गायची?" एक जण उठूनच गेला. मी म्हटलं, आधी जागा बघून येऊया.

२६ जानेवारी २०२४, शुक्रवार, सुट्टी. आम्ही नऊ जण निघालो. बैलहोंगलपर्यंत बस. दोघी आज्ज्यांना कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत तिकीट फुकट, आधार कार्ड दाखवलं की झालं. आज्जींनी आयुष्यात पहिल्यांदा आम्हा बाप्यांना तिकिटाचे पैसे काढताना बघून "द्या, द्या" म्हणून चिडवलं. बेलवाडी बघून पुढं भाड्याच्या ट्रॅक्सनं धारवाडकडच्या यादवाडला गेलो, ट्रॅक्सचे दोन हजार. तिथं मारुतीच्या देवळात महाराजांचं दगडी शिल्प आहे, मल्लम्मानं घडवून घेतलं असं मानतात. वरच्या भागात घोड्यावर, खालच्या भागात मांडीवर मूल घेऊन बसलेले, हातात वाटी. ते मूल मल्लम्माचं आणि वाटीत दूध, असं लोक सांगतात.

मोठं काही नाही ते शिल्प. कोपरे झिजलेत, तेल-शेंदूर लागून लागून डोळे-नाक पुसट झालंय. बैठकीतून उठून गेलेला तो पोरगा पुढं होऊन बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "तलवार न्हाई की हातात." येताना ट्रॅक्समध्ये त्यानंच विचारलं, पाचवा पोवाडा कोण लिहिणार म्हणून.

लिहिला तुकारामनं, मी फक्त वही धरली. त्यातल्या दोन ओळी त्याच्या परवानगीनं:

धनी पडला रणांगणी, कुंकू पुसलं रगतानं
दार उघडलं न्हाई गढीचं सत्तावीस दिस देसाईणीनं, जी जी रं जी

मल्लम्माच्या तोंडचं मराठीत घालायचं नाही, असं तुकारामच म्हणाला. ती कन्नड बोलणार. बैलहोंगलकडं गीगी पद गाणारे आहेत. पोवाड्यासारखंच उभं राहून गायचं, मागचे "गी गी" म्हणून साथ धरतात. एका ओळखीतून एक अण्णा मिळाले. फेब्रुवारीत तालमीला आले तेव्हा पिशवीतून त्यांनी डप्प आणि तुंतुणी काढली. मामांनी आपलं तुणतुणं शेजारी ठेवलं. खुंटी तेवढी वेगळीकडं. दोघांना एकमेकांची भाषा मोडकीतोडकी येत होती, पण ते बोललेच नाहीत फारसं. अर्धा तास नुसती तार लावत बसले.

तालमी आठवड्याला तीन, रात्री आठ ते दहा. फाउंड्रीतली पोरं सेकंड शिफ्टला असली की यायची नाहीत, मार्च एंडिंगला तर कुणीच नाही. या दिवसांत मी दोनदा ठरवलं की डीजेवाल्याला फोन करावा. खोटं कशाला बोलू, एकदा नंबर लावलाही होता. त्यानं उचलला नाही.

आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडं मतदान ७ मे, शिवजयंती ९ मे, निकाल ४ जून. म्हणजे जयंती आचारसंहितेतच. आम्ही कार्यक्रम रविवारी १२ मेला ठेवला, तरी परवानगीशिवाय पान हलणार नव्हतं. हा भाग नीट वाचा.

लागलेले कागद असे. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र, देवस्थान कमिटीचं जागेचं पत्र, पोलीस ठाण्याचा अर्ज, तहसीलदार कार्यालयाचा शिक्का आणि तात्पुरत्या विजेच्या जोडणीचा अर्ज. सगळे अर्ज कन्नडमध्ये. आमच्या पिढीचं कन्नड वाचण्यापुरतं, अर्ज लिहिण्याइतकं नाही. कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्यानं १५० रुपयांत अर्ज करून दिला आणि एक शहाणपण फुकट दिलं: "विषय" या ओळीत कार्यक्रमाचा प्रकार स्पष्ट लिहा, नुसतं "शिवजयंती" लिहिलं की साहेब मिरवणूक समजतात. आम्ही "जनपद गायन कार्यक्रम" लिहिलं, म्हणजे लोकसंगीत. मग "मिरवणुकीचा मार्ग?" असं कुणी विचारलं नाही.

१५ एप्रिलला पहिल्यांदा गेलो, साहेब निवडणुकीच्या ट्रेनिंगला. १८ ला गेलो, हमीपत्र नाही म्हणून परत. शंभराचा ई-स्टॅम्प, वर नोटरीचे पन्नास. कार्यक्रमात राजकीय भाषण होणार नाही, पक्षाचा झेंडा, चिन्ह किंवा उमेदवार असणार नाही, घोषणा होणार नाहीत. २४ ला गेलो तर गाण्यांचे शब्द मागितले. पाचही तुकड्यांची प्रत, शिवाय मराठीचा कन्नडमध्ये सारांश. सारांश गीगी अण्णांच्या मुलीनं लिहून दिला. ती डी.एड. करते, अक्षर मोत्यासारखं. तो कागद टेबलावर बसलेल्या बाईंनी शेवटपर्यंत वाचला. बेलवाडीचं पान परत उलटून बघितलं, आणि पहिल्यांदाच "बसा" म्हणाल्या.

परवानगी हातात पडली ६ मेला, मतदानाच्या आदल्या दिवशी. एकूण सात हेलपाटे, त्यातल्या चार वेळा अर्धा दिवस रजा. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा आणि आवक शिक्का मारलेली प्रत आपल्याकडं ठेवा. एकदा आमचा अर्ज सापडेना, तेव्हा त्या शिक्क्यानंच वाचलो.

आचारसंहितेनं एक उपकार मात्र केला. पाहुणे नाहीत, सत्कार नाहीत, दीपप्रज्वलनाला रांग नाही. बॅनरवर फोटो फक्त महाराजांचा. एरवी आमच्या स्टेजवर पहिला तास शाली-नारळात जातो.

१२ मे. दिवसभर अंगाची लाही. चारला राजहंसगडाच्या मागं ढग काळे झाले आणि साडेपाचला वळीव कोसळला. मंडपाचं कापड खाली आलं, सतरंज्या भिजल्या. ते सगळं सावरता आलं, पण डफ सावरेनात. ओल लागली की कातडं सैल पडतं. थाप मारली की ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. मामांनी देवळामागं पत्र्याखाली पालापाचोळा पेटवला आणि दोन्ही डफ आचेवर फिरवत बसले. दर मिनिटाला बोटानं टिचकी मारायचे, ऐकायचे, परत फिरवायचे. जास्त शेकलं तर कातडं फाटतं. कार्यक्रम सातला होता, सुरू झाला आठ वाजून दहा मिनिटांनी.

अंधारात जात्याची घरघर सुरू झाली. माइक आज्जींच्या तोंडासमोर नव्हता, जात्याजवळ होता, हे आमच्या साउंडवाल्याचं डोकं. पोरं गप्प झाली. मोबाईल वर झाले, मग हळूहळू खाली आले. अगिनदासाच्या चौकाला तुकाराम एक ओळ विसरला, झीलकऱ्यांनी, म्हणजे मागं साथ धरणाऱ्यांनी, "जी जी" लांबवून त्याला वेळ दिला. बहुतेकांना कळलंसुद्धा नाही. सिंहगड चांगला झाला. गोंधळाला मामांनी पोत, म्हणजे देवीची मशाल, पेटवला आणि संबळावर मामांचा नातू बसला. चार महिन्यांपूर्वी तो मोबाईलशिवाय जेवत नव्हता.

पाचवा तुकडा सुरू व्हायला नऊ पन्नास झाले. बंदोबस्ताचा हवालदार स्टेजजवळ येऊन मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून उभा राहिला. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, वाद्यंही नाहीत. नियम देशभराचा आहे, त्याची काही चूक नव्हती. पावसानं खाल्लेला तास आम्हाला नडला. अध्यक्ष हात जोडायला निघाले तेवढ्यात तोच म्हणाला, "हॉलमध्ये करा की. दार ओढून घ्या. माइक नको."

देवळामागचा सभामंडप लग्नाच्या पंक्तींचा, चारही बाजूंनी बंद. माणसं चपला हातात घेऊन आत आली. जवळपास निम्मी घरी गेली, दीडशेभर उरली असतील. वरच्या दोन ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी. तुकाराम एका भिंतीला, गीगी अण्णा समोरच्या भिंतीला, मध्ये जमिनीवर लोक. माइक नसल्यानं मामांनी लावून दिलेला तो हाकेचा सूर पहिल्यांदा कामाला आला. इकडून मराठी फौज, तिकडून कन्नड गढी. मागून आमची पोरं "जी जी" म्हणत होती, अण्णांचे दोघे "गी गी". तिसऱ्या चौकानंतर मला दोन्ही वेगळे ऐकू येईनात. शेवटी महाराज मूल मांडीवर घेतात तिथं तुकारामनं डफ खाली ठेवला आणि नुसतं तुणतुणं ठेवलं. हे तालमीत ठरलेलं नव्हतं. हवालदार दारातच उभा होता, दार ओढायचं राहिलंच होतं.

हिशेब: वाद्यं झांजेसकट १२,२५०, मंडप ९,०००, साउंड ६,०००, जेवण ५,४००, मामा आणि अण्णांचं मानधन मिळून ११,०००, प्रवास २,३५०, कागदपत्रं ३००. एकूण ४६,३००. वर्गणी ४१,००० जमली, तूट आम्ही सहा जणांनी वाटून घेतली. विजेच्या जोडणीचे अनामत तीन हजार वेगळे, त्यातले बिल वजा जाऊन उरलेले ऑगस्टमध्ये आले, तेही तीनदा विचारल्यावर. मानधन पहिल्या बैठकीतच ठरवा. आम्ही ते शेवटी ठरवलं आणि मामांना आम्हीच कमी दिलं, हे मला आजही टोचतं.

पेटीवाले आबा कार्यक्रमाला आले होते. टाळ वाजवत बसले होते. पेटीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सतरंज्या झटकताना एक पिशवी सापडली. अण्णांची तुंतुणी विसरली होती. फोन केला, "अण्णा, पोचवायला येऊ का रविवारी?" ते म्हणाले, "इरली बिडी, मुंदिन वर्ष मत्त बेकल्ल." राहू दे, पुढच्या वर्षी परत लागणारच की. आता ती आमच्या देवळातल्या खुंटीवर मामांच्या तुणतुण्याशेजारी आहे, आणि पोरं तालमीला आली की हाताला लागेल ती उचलतात.